तपासनिसाचे वेतन कोणी द्यावे?

सोन्याचा कस कसोटीच्या दगडावर पाहता येतो, दुधातील पाणी लॅक्टोमीटर दाखवितो आणि मापात मारलेली काट दुसऱ्या काट्यावर उघडी पडते. परंतु दुकानात शेजारी-शेजारी मांडलेल्या तूरडाळीच्या दोन पुड्यांपैकी एकीवर 'सेंद्रिय' असा शिक्का असेल आणि तिच्यासाठी अधिक किंमत मोजावी लागत असेल, तर तो शिक्का खरा की खोटा हे ठरविण्याचे कोणते साधन ग्राहकापाशी असते? रंग तोच, वास तोच आणि शिजल्यावर चवही बहुधा तीच. डाळ प्रयोगशाळेत नेली तर तिच्यात कीटकनाशकाचा अंश आहे की नाही, एवढे कळेल. पण ती पिकविताना जमिनीचा कस राखला की ओरबाडला, विहिरीचे पाणी किती उपसले, फवारणी करणाऱ्या मजुराला हातमोजे मिळाले होते का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर डाळीच्या दाण्यात सापडत नाही. येथे पारख मालाची नसून तो ज्या रीतीने पिकला त्या रीतीची करावयाची असते. आणि ती रीत ग्राहकाच्या डोळ्यांआड, शेकडो मैल दूर, केव्हाच घडून गेलेली असते.

या अडचणीवर व्यापारजगताने जो उपाय शोधला त्याचे नाव त्रयस्थ प्रमाणीकरण. विकणारा आपल्या मालाची स्तुती करणारच आणि घेणारा शंका घेणारच. तेव्हा दोघांशीही हितसंबंध नसलेल्या तिसऱ्या पक्षाने शेतावर जाऊन पाहणी करावी, दप्तर तपासावे आणि निर्वाळा द्यावा, अशी ही कल्पना. १९८८ साली हॉलंडमध्ये मेक्सिकोतील लहान उत्पादकांच्या कॉफीवर न्याय्य व्यापाराचा शिक्का उमटला. १९९७ साली युरोपातील किरकोळ विक्रीच्या मोठ्या साखळ्यांनी चांगल्या शेतीची एक समान नियमावली घडविण्यास आरंभ केला. तीच आज 'ग्लोबल गॅप' या नावाने नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागाइतदारांना परिचित आहे. भारत सरकारने राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ साली अमलात आणला. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाखालील 'अपेडा' ही संस्था त्याचा कारभार पाहते आणि तिच्या देखरेखीखाली मान्यताप्राप्त प्रमाणन संस्था शेतांची तपासणी करून प्रमाणपत्रे देतात. कल्पना निर्दोष आहे. तिचा अंमल तितकाच निर्दोष आहे काय, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे.

वर्गमूळाचा हिशेब

दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला स्वतंत्र तपासणीचा खर्च झेपण्यासारखा नसतो. म्हणून अशा शेतकऱ्यांचे गट करावयाचे, गटाने आपल्या सभासदांवर अंतर्गत नियंत्रण ठेवावयाचे आणि बाहेरच्या तपासनिसाने त्यांतील काही शेते नमुन्यादाखल पाहावयाची, अशी पद्धत जगभर रूढ झाली. नमुना किती घ्यावा? सभासदसंख्येचे वर्गमूळ काढावे, असा दीर्घकाळचा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. म्हणजे गटात ४०० शेतकरी असतील, तर २० शेतांवर प्रत्यक्ष पाऊल टाकले की काम झाले. उरलेल्या ३८० जणांविषयी तपासनीस जे सांगतो ते गटाच्या दप्तरावर विसंबून सांगतो.

दप्तर प्रामाणिक असेल तर यातही वावगे काही नाही. परंतु ते लिहितो कोण? आपल्याकडे अनेक ठिकाणी गट बांधणारा, त्याचे दप्तर सांभाळणारा आणि प्रमाणपत्राचे शुल्क भरणारा हा शेतकरी नसून माल खरेदी करणारा व्यापारी किंवा निर्यातदारच असे. सेंद्रिय मालाचा साठा वाढावा यात ज्याचा नफा, त्याच्याच हाती साठ्याची शुद्धता राखण्याचे काम! शिवाय प्रमाणपत्र त्याच्या ताब्यात असल्याने शेतकऱ्याने दुसऱ्या ग्राहकाकडे जावयाचे म्हटले, तर त्याचा तोच कापूस क्षणात साधा कापूस ठरावयाचा. युरोपीय संघाचा १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेला नवा कायदा असे गट शेतकऱ्यांचेच असावेत, त्यांना स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असावे आणि त्यांत २,००० हून अधिक सभासद नसावेत, असा आग्रह धरतो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आठव्या आवृत्तीतही शेतकऱ्यांच्या गटांना कायदेशीर दर्जा देण्याची तरतूद झाली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु बाहेरून दडपण आल्यावाचून ते पडले असते असे समजण्याचे कारण नाही.

शिक्का खरा, माल खोटा

ते दडपण येण्यास कारणेही तशीच घडली होती. सेंद्रिय वस्त्रांचे जागतिक मानक चालविणाऱ्या संस्थेने २०२० च्या ऑक्टोबरात जाहीर केले की, भारतातील सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदपत्रांच्या आधारे सेंद्रिय म्हणून खपविला गेला. या कागदांवरील सांकेतिक चौकोन तपासला असता सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल केलेले बनावट संकेतस्थळ उघडत होते. त्याच वर्षी बेल्जियममध्ये भारतीय तिळात एथिलीन ऑक्साइड या वायूचा अंश आढळला. हे रसायन शेतात फवारण्याचे नव्हे. काढणीनंतर माल जंतुमुक्त करण्यासाठी त्याची धुरी देतात आणि युरोपात अन्नासाठी त्याला बंदी आहे. सेंद्रिय म्हणून पाठविलेल्या मालातही ते सापडले, तेव्हा २०२१ च्या अखेरीस युरोपीय संघाने भारतात काम करणाऱ्या पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेतली. तत्पूर्वी, जानेवारी २०२१ मध्येच, अमेरिकेच्या कृषिखात्याने 'अपेडा'शी असलेला मान्यतेचा करार संपुष्टात आणण्याचे घोषित केले होते. तिळाच्या शेतकऱ्याने निंबोळी अर्क आणि शेणखतावर पीक काढले असले, तरी गोदामात कोणीतरी दिलेल्या धुरीने त्याची दोन-तीन वर्षांची तपश्चर्या मातीमोल झाली. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

हा केवळ भारतीयांचा दोष आहे असे मानून कोणी मान खाली घालण्याचे कारण नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०११ च्या जुलैमध्ये खरबुजांच्या एका शेताची आणि तेथील साठवणघराची तपासणी झाली. तपासनिसाने १०० पैकी ९६ गुण देऊन 'उत्कृष्ट' असा शेरा मारला. पुढे याच शेतातील खरबुजांमुळे लिस्टेरिया जंतूचा संसर्ग पसरून ३३ माणसे दगावली. फळे धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक घातले जात नाही, ही गोष्ट तपासनिसाच्या अहवालातच नमूद होती; पण तिच्यासाठी गुण कापण्याची सोय तपासणीच्या तक्त्यात नव्हती. तपासणी शेतमालकाच्या खर्चाने झाली होती, हे वेगळे सांगावयास नको.

दोष माणसाचा की रचनेचा?

या साऱ्या प्रकरणांचे वाचन दोन प्रकारे करता येते. माणसे लबाड असतात, कायदे कडक करा, अपराध्यांना तुरुंगात घाला, हा एक प्रकार. तो सोपा आणि टाळ्या मिळविणारा आहे. दुसरा प्रकार असा की, ज्या रचनेत प्रामाणिक राहणे तोट्याचे ठरते त्या रचनेकडे पाहावे. तपासनीस बहुधा तरुण कृषिपदवीधर असतो. एका दिवसात त्याला अनेक शेते पाहावयाची असतात. त्याची संस्था ज्या पक्षाकडून शुल्क घेते, त्याच पक्षाविरुद्ध त्याने अहवाल द्यावयाचा असतो. कठोर अहवाल दिला तर पुढल्या वर्षी तो ग्राहक अधिक समजूतदार संस्थेकडे जाणार, हे त्याला ठाऊक असते आणि त्याच्या वरिष्ठाला तर अधिकच ठाऊक असते. परीक्षार्थीने आपला परीक्षक आपण निवडावा, त्याचे मानधन आपणच द्यावे आणि निकाल न आवडल्यास पुढल्या वर्षी दुसरा निवडावा, अशी परीक्षा कोणते विद्यापीठ घेईल? शिक्षकवाचकांना हा प्रश्न अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

या रचनेत नेमका कोणता बदल केला म्हणजे गुण येतो, याचा पुरावा आपल्या शेजारच्या गुजरात राज्यानेच दिलेला आहे. तो शेतीतील नसून कारखान्यांच्या धुराचा आहे. परंतु दोहोंतील रोग एकच असल्याने औषधही लागू पडावे. तेथे प्रदूषणाची तपासणी त्रयस्थ लेखापरीक्षक करीत; त्यांची निवड कारखानदार करी आणि शुल्कही तोच देई. एस्थर दुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने २००९ ते २०११ या काळात ४७३ कारखान्यांवर एक प्रयोग केला. जुन्या पद्धतीच्या अहवालांनुसार धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने अवघे ७ टक्के होते. स्वतंत्र फेरतपासणीत तेच प्रमाण ५९ टक्के निघाले. मग निम्म्या कारखान्यांसाठी परीक्षकाची नेमणूक चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केली, त्याला ठरीव मानधन समाईक निधीतून दिले आणि त्याच्या काही मोजण्या दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतल्या. माणसे त्याच पेशातील, उपकरणे तीच. तरीही मर्यादा ओलांडणाऱ्या कारखान्याला खोटेपणाने निर्दोष ठरविण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. एवढेच नव्हे, तर कारखान्यांनी आपले प्रदूषणही कमी केले. कारण अहवाल खरा लागणार हे कळल्यावर सुधारणा करणे अधिक स्वस्त ठरले. कुंपणच शेत खात असेल तर कुंपणाला शिव्या देण्यापेक्षा ते कोणाच्या अन्नावर पोसले जाते हे पाहावे, असा या प्रयोगाचा इत्यर्थ आहे.

भुर्दंड कोणाला?

तात्पर्य, सेंद्रिय वा शाश्वत शेतीच्या तपासणीतही तीन गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. पहिली, प्रमाणनाचे शुल्क एका समाईक निधीत जमा व्हावे आणि कोणत्या गटाची तपासणी कोणत्या संस्थेने करावयाची हे चिठ्ठीने ठरावे. दुसरी, तपासलेल्या शेतांपैकी काहींची पूर्वसूचना न देता फेरतपासणी व्हावी आणि दोन अहवालांतील तफावत संस्थेच्या नावानिशी प्रसिद्ध व्हावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, या निधीतील मोठा वाटा शेतकऱ्याकडून नव्हे, तर शिक्क्याच्या जोरावर चढा भाव घेणाऱ्या निर्यातदाराकडून आणि विक्रेत्यांच्या साखळीकडून घ्यावा.

या तिसऱ्या मुद्द्याचे महत्त्व द्राक्षांच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. २०१० साली महाराष्ट्रातील द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. वेलीची अतिरिक्त शाखीय वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वॅट क्लोराइड या संजीवकाचा अंश त्यांत मर्यादेपेक्षा अधिक सापडला होता. आपल्या प्रयोगशाळांनी ज्या रसायनांची तपासणी करावयाची त्यांच्या यादीत त्याचा समावेशच नव्हता! प्रमाणपत्र होते, अहवाल होता, बागेची नोंदणीही होती. पण पैसे बुडाले ते बागाइतदाराचे. यादी करणाऱ्याला, तपासणाऱ्याला वा शिक्का मारणाऱ्याला तोशीस लागली नाही. जेथे चुकीची किंमत एक मोजतो आणि चूक दुसरा करतो, तेथे चूक सुधारण्याची घाई कोणालाच नसते.

याला एक आक्षेप अपेक्षित आहे. समाईक निधी म्हटला की सरकारी खाते आले आणि सरकारी खाते म्हटले की आणखी एक हात ओला करणे आले. ही भीती निराधार नाही. परंतु येथे सरकारी तपासनिसांची फौज उभारा असे कोणी म्हणत नाही. तपासणी खासगी संस्थांनीच करावी. फक्त त्यांची निवड आणि त्यांचे वेतन यांवरून तपासल्या जाणाऱ्याचा हात निघावा, एवढीच अपेक्षा आहे. जाहीरपणे काढलेल्या चिठ्ठीला लाच देणे, माणसाला देण्याहून कितीतरी अवघड आहे.

दुसरा आक्षेप असा की, एवढा खटाटोप हवाच कशाला? शेजाऱ्यांनीच एकमेकांची हमी द्यावी. केंद्रीय कृषिमंत्रालयाची सहभागी हमी पद्धती याच तत्त्वावर उभी आहे. तिच्यात फार मोठे बळ आहे, हे मान्यच करावयास हवे. बाहेरचा तपासनीस वर्षातून एकदा येतो. पण रात्री कोणाच्या खांद्यावर फवारणीचा पंप गेला हे गावाला सकाळी ठाऊक असते. स्थानिक बाजारासाठी ही पद्धत पुरेशी आणि स्वस्त आहे. मात्र गावात ज्ञान असते तशी भाऊबंदकीही असते आणि भिडस्तपणाही असतो. शिवाय शृंखलेच्या शेवटच्या कडीवर, हँबर्गच्या वा बंगलोरच्या दुकानात, उभा असलेला ग्राहक गावाला ओळखत नाही. माल जितका दूर जाणार तितकी त्रयस्थाची गरज वाढणार.

या वादात ज्याचे सर्वाधिक पणाला लागलेले असते त्याचा आवाज फारसा ऐकू येत नाही. सेंद्रिय शेतीकडे वळणाऱ्या शेतकऱ्याला हंगामी पिकांसाठी दोन आणि फळबागांसाठी तीन वर्षांचा रूपांतरकाळ काढावा लागतो. या काळात उत्पादन बहुधा घटते, खुरपणीची मजुरी वाढते आणि चढा भाव तर मिळतच नाही. शेवटी प्रमाणपत्र हाती पडावे आणि तेव्हाच कोणा व्यापाऱ्याच्या बनावट कागदांपायी त्या प्रमाणपत्राचीच पत बाजारातून उठावी, याहून मोठी क्रूर थट्टा कोणती? लबाडाचे यात फारसे बिघडत नाही; तो उद्या दुसरा शिक्का शोधील. प्रामाणिक शेतकऱ्यापाशी मात्र त्या शिक्क्यावाचून आपले खरेपण सिद्ध करण्याचे दुसरे साधन नसते. त्याच्यासाठी तरी तपासनिसाच्या वेतनाचा हा प्रश्न वाणिज्य आणि कृषी या दोन्ही मंत्रालयांनी एकत्र बसून सोडविला पाहिजे. आणि पुढला घोटाळा परदेशातील प्रयोगशाळेत उघडकीस येण्यापूर्वी सोडविला पाहिजे.