नवं कुलूप पिशवीतच राहिलं

खामगावातल्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांचा अकरा महिन्यांचा करार संपला, पण भाडेकरू हलेना. मी नवं कुलूप विकत घेतलं आणि तशीच पोलीस ठाण्यात गेले. ‘घरात घुसलाय, गुन्हा नोंदवा.’ हवालदार म्हणाले, ‘ताई, घुसला कुठे? चावी तुम्हीच दिली ना? हे दिवाणी प्रकरण आहे.’

चीड आली, पण त्यांचं बरोबर होतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 नुसार दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करण्याच्या, धमकावण्याच्या, अपमानाच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने शिरणं अथवा थांबून राहणं म्हणजे फौजदारी अतिक्रमण. इथे ताबा तर भाडेकरूचाच. नुसतं मुदतीनंतर राहणं सहसा त्यात बसत नाही. उलट, हक्क नसलेल्या ताबेदारालाही कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये कृष्णा राम महाले खटल्यात सांगितलं आहे.

राहत्या जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 24 कामी येतं: सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज आणि मुदतीनंतर दुप्पट दराने भरपाई. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मात्र घरमालकाची. माझा नुसत्या स्टॅम्पपेपरवर होता. तुमचा आजच काढून बघा.