रश्शाचा जीव काट्यात
(लेखमाला : चूल आपली, पदार्थ परमुलखाचा)

'मेउनतांग' म्हणजे माशाचा झणझणीत कोरियन रस्सा. तो घरी करायचा म्हटलं की आधी शोध सुरू होतो गोचुजांगचा, म्हणजे मिरची, चिकट तांदूळ आणि सोयाबीन आंबवून केलेल्या लाल पेस्टचा. भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीत ती वाण्याकडे मिळाली नाही, तर बेत रद्द करायचा का? मुळीच नाही. या रश्शाचा जीव बाटलीत नसून माशाच्या डोक्यात आणि काट्यात आहे. कोरियातल्या मासळीच्या खानावळींत आधी कच्च्या माशाच्या पातळ चकत्या खातात आणि उरलेलं डोकं, कणा वगैरे मेउनतांगसाठी चुलीवर चढतं. मांस संपल्यावरही जो पदार्थ असा दिमाखात उभा राहतो, त्याची चव कुठून येते हे वेगळं सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल, मग आपलं कालवण काय वाईट? वाईट काहीच नाही, पण त्याची रीत वेगळी. आगरी-कोळी कालवणाला अंग येतं ते वाटणाने आणि चिंच-कोकमाने. मासा शेवटी पडतो आणि दोन उकळ्यांत पातेलं उतरतं. मेउनतांगमध्ये खोबरं नाही, आंबट नाही, गरम मसाल्याला तर थाराच नाही. भिस्त सगळी पाण्यावर. म्हणून डोकं साफ करताना हयगय चालत नाही. कल्ले काढायचे, पोटातला काळा पापुद्रा खरवडायचा आणि कण्याला चिकटलेलं काळपट रक्त वाहत्या पाण्याखाली अंगठ्याच्या नखाने उकरून टाकायचं. उग्र वास बराचसा तिथेच दडलेला असतो. मग तांदळाचं दुसरं धुवण घ्यायचं, किलोभर माशाला साधारण दीड लिटर. कोरियन बायकाही रश्शाला हेच पाणी वापरतात, कारण त्यातल्या पिठूळपणाने वास दबतो आणि रस्सा किंचित दाटतो. आपल्याकडे ते रोज मोरीत जातं! त्यात मुळ्याच्या जाड चकत्या, डोकं आणि काटे घालून फेस काढत वीसेक मिनिटं मंद उकळायचं. नंतर मिरचीपूड, ठेचलेला लसूण, आलं, थोडा सोया सॉस आणि चवीपुरतं मीठ. मांसल तुकडे आणि कांद्याची पात अगदी शेवटी. तिकडे मिनारी नावाची पाणथळ भाजी घालतात. ती कोथिंबिरीच्याच कुळातली, तेव्हा कोथिंबिरीची कोवळी देठं खुशाल घालावीत.

अस्सलपणाचा आग्रह धरणारे एवढ्याने गप्प बसणार नाहीत. त्यांना सांगायचं ते असं, की कोरियात मिरचीचा लेखी उल्लेख सापडतो तो १६१४ च्या 'जिबोंग युसोल' या ग्रंथात. मिरची मूळची अमेरिकेतली. भारतात ती पोर्तुगीजांबरोबर आली आणि अकलोलीहून फारशी लांब नसलेली वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होती. दोन्हीकडची मिरची पाहुणीच. शिवाय गोचुजांग जास्त झालं की रस्सा गोडसर आणि गढूळ होतो, म्हणून तिकडचे कित्येकजण नुसत्या मिरचीपुडीवर भागवतात. त्या पुडीला रंग भरपूर, तिखटपणा बेताचा. आपली बेडगी नेमकी तशीच. बिया झाडून ती जाडसर कुटावी. घरचा आगरी मसाला मात्र इथे नको, त्यातल्या भाजलेल्या मसाल्यांपुढे माशाचं काही चालत नाही.

राहिला मासा. कोरियात उन्हाळ्यात मिनओ या माशाचं मेउनतांग मानाचं समजतात, आणि आपली घोळ त्याच घराण्यातली. पण घोळीचे भाव सामान्य घराला झेपणारे नाहीत, आणि जून-जुलैच्या बंदीत यांत्रिक बोटी किनाऱ्यालाच असतात. त्याने अडत नाही. कोरियातही नदीकाठी गोड्या पाण्यातल्या मांजरमाशाचं मेउनतांग होतं. तेव्हा तानसेकाठच्या अकलोलीत शिवडा किंवा मरळ घेण्यात काही कमीपणा नाही. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास असतो हे खरं, पण मीठ चोळून धुतलं आणि आलं-लसूण सढळ घातलं की तो बराच जातो. मासेवालीला एवढंच बजावा : तुकडे करा, पण डोकं आणि काटे टाकू नका.