अहवाल कधी दाखवणार?

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ४३५ खासदार आहेत आणि एकेकाच्या मतदारसंघात सात लाखांहून जास्त माणसं राहतात. त्यांतल्या कुणालाही सरकारबद्दल राग आला, शंका आली किंवा काही मागायचं असलं, की तो खासदाराच्या कार्यालयात फोन करतो. तो फोन बहुतेक वेळा विशीतला एखादा इंटर्न उचलतो. २०१९ च्या वसंतात वॉशिंग्टनमध्ये शिकत असताना एका कार्यालयात मी हे काम करत होते. पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या चौकशीवर लोक काय म्हणतात, हे आपण एरवी मतचाचण्यांच्या टक्क्यांत वाचतो. ते टक्के व्हायच्या आधीचं बोलणं मला ऐकायला मिळालं.

चौकशी दोन वर्षं चालली होती. एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांना राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी मे २०१७ मध्ये बडतर्फ केलं आणि आठ दिवसांत, १७ मे रोजी, रॉबर्ट म्यूलर यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली. २०१६ च्या निवडणुकीत रशियाने केलेला हस्तक्षेप, ट्रम्प यांच्या प्रचार यंत्रणेशी त्याचा असलेला-नसलेला संबंध आणि पुढे तपासात अडथळा आणला का, हे त्यांना शोधायचं होतं. म्यूलर स्वतः पत्रकारांशी जवळजवळ बोलतच नसत. त्यामुळे लोकांकडे आरोपपत्रं होती, ट्रम्प यांची ट्वीट्स होती आणि रोज रात्रीच्या चर्चा होत्या. खुद्द तपासातलं मात्र आरोपपत्रांपलीकडे काहीच नव्हतं.

फोन घेण्याची पद्धत ठरलेली असते. आधी नाव आणि पत्ता विचारायचा, कारण माणूस आपल्याच मतदारसंघातला आहे का, हे झिप कोडवरून पाहावं लागतं. बाहेरचा असेल तर नम्रपणे त्याच्या खासदाराकडे पाठवायचं. मतदारसंघातला असेल तर विषय, बाजूने की विरोधात, आणि नेमकी मागणी काय, एवढं संगणकावर नोंदवायचं. आपल्याकडच्या कचेरीतल्या आवक-जावक नोंदवहीसारखंच हे खातं. फरक इतकाच, की इथे कागदाऐवजी बोललेलं वाक्य आवक होतं. आठवड्याच्या शेवटी विषयवार बेरीज होऊन ती खासदारापुढे जाते. इंटर्नने वाद घालायचा नाही, स्वतःचं मत सांगायचं नाही आणि फोन आपणहून ठेवायचा नाही.

म्यूलर यांनी अहवाल सादर केला तो दिवस शुक्रवार, २२ मार्च. रविवारी ॲटर्नी जनरल विल्यम बार यांनी काँग्रेसला चार पानी पत्र पाठवलं. रशियाशी संगनमत केल्याचं सिद्ध झालेलं नाही, आणि तपासात अडथळा आणल्याच्या मुद्द्यावर म्यूलर यांनी निष्कर्ष काढलेला नाही, असा त्याचा सारांश होता. मूळ अहवाल मात्र बाहेर कुणीच पाहिलेला नव्हता. सोमवारी सकाळपासून फोन खणखणायला लागले. चेरीच्या बहराचे दिवस, त्यामुळे कॅपिटॉलची सहल ठरवून द्या म्हणणाऱ्या कुटुंबांचे फोन नेहमीसारखे येतच होते, आणि त्यांच्या मधूनमधून हे फोन.

एक बाई अतिशय संतापलेल्या होत्या. दोन वर्षं एका निवडून आलेल्या माणसाचा छळ झाला, आता तरी थांबवा, असं त्या म्हणत होत्या. त्यांचा आवाज कापत होता. त्यानंतरचा फोन एका निवृत्त सैनिकाचा. आपण ट्रम्पना मत दिलं, पुन्हाही देऊ, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग म्हणाले, ‘पण अहवाल आम्हाला वाचू द्या. तो माणूस निर्दोष असेल, तर लपवायचं कशाला? आणि नसेल, तर मला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही.’ मागणीच्या रकान्यात मी लिहिलं : पूर्ण अहवाल जाहीर करावा. ट्रम्प यांचा मनापासून तिरस्कार करणाऱ्या कितीतरी जणांच्या नावापुढे त्या दिवशी मी हेच शब्द लिहिले होते.

पत्रांचं काम वेगळं. २००१ मध्ये सिनेटरांच्या नावे अँथ्रॅक्सची पावडर भरलेली पत्रं आली, तेव्हापासून काँग्रेसचं टपाल आधी दुसरीकडे नेऊन किरणांच्या प्रक्रियेतून काढतात. त्यात दिवस जातात आणि कागदही भाजल्यासारखा होतो : कडा पिवळट, घडीवर कुरकुरीत, जरा ओढून उघडला की फाटणारा. एप्रिल उजाडला तरी माझ्या टेबलावर मार्चच्या पहिल्या आठवड्यातली पत्रं येत होती. छापील पोस्टकार्डांचा गठ्ठा एका नोंदीत संपायचा. हाताने लिहिलेलं पत्र मात्र पूर्ण वाचलं जायचं. उत्तराचे मसुदे करणारी सहकारी रोज विचारायची, ‘आज वेगळं काही आलंय?’ तिला एखादं पत्र लागायचं, जे बैठकीत खासदारापुढे जसंच्या तसं ठेवता येईल.

हे ऐकता-वाचताना मी जुन्या दोन प्रसंगांकडे पुन्हा वळले. २० ऑक्टोबर १९७३ च्या शनिवारी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी वॉटरगेट प्रकरणाचे विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढायला सांगितलं. ॲटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांनी नकार देऊन राजीनामा दिला, त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनीही ऐकलं नाही. शेवटी त्यांच्या खालोखालचे अधिकारी रॉबर्ट बोर्क यांनी तो हुकूम पाळला. पुढच्या काही दिवसांत वॉशिंग्टनमध्ये लाखो तारा येऊन पडल्या. व्हाइट हाउससमोरून जाणाऱ्या गाड्या निषेधाचे भोंगे वाजवत होत्या. तीनच दिवसांत निक्सन, कॉक्स यांनी मागितलेल्या ध्वनिफिती द्यायला तयार झाले आणि १ नोव्हेंबरला कॉक्स यांच्या जागी लिऑन जवॉर्स्की यांचं नाव जाहीर झालं.

१९९८ मध्ये लोकमताची दिशा उलटी होती. केनेथ स्टार यांचा बिल क्लिंटन यांच्यावरचा अहवाल ११ सप्टेंबरला इंटरनेटवर आला आणि लोकांनी तो वाचला. खाजगी वागणुकीवरून राष्ट्राध्यक्षाला घालवावं, हे बहुसंख्यांना पटलं नाही. डिसेंबरात महाभियोग मंजूर झाला, त्याच सुमारास गॅलपच्या चाचणीत क्लिंटन यांना ७३ टक्के पसंती होती. एका वेळी लोक तपास करणाऱ्यामागे उभे राहिले, दुसऱ्या वेळी ज्याचा तपास चालला होता त्याच्यामागे. दोन्ही वेळा मला एकच गोष्ट दिसते. तपास कुणी मध्येच दाबलेला लोकांना चालत नाही, आणि समोर आलेलं वाचून काय ठरवायचं, हा हक्क ते कुणाला देत नाहीत.

२०१९ मध्ये देश कडवटपणे दुभंगलेला होता, हे खरं. तरीही म्यूलर यांचा अहवाल येण्याआधीच, १४ मार्चला, तो जाहीर करावा असा ठराव प्रतिनिधिगृहाने ४२० विरुद्ध ० मतांनी मंजूर केला होता. त्या काळात दोन्ही पक्षांनी एकत्र येऊन केलेली ही दुर्मीळ गोष्ट. ठराव बंधनकारक नव्हता. पण त्याला उघड विरोध करून मतदारसंघात परत जायला एकही खासदार तयार नव्हता.

१८ एप्रिलला ४४८ पानांचा अहवाल आला. त्यात जागोजागी मजकुरावर काळे पट्टे होते आणि प्रत्येकावर कारण लिहिलेलं होतं. फोनचा सूर त्या दिवसापासून बदलला. ‘दाखवा’ म्हणणारे आता पान क्रमांक सांगून बोलत होते. महाभियोग हवा आणि महाभियोग नको, असे दोन नवे रकाने उघडावे लागले, आणि पहिल्यांदाच मला बाजू स्पष्ट वेगळ्या झालेल्या दिसल्या. त्याचं मला वाईट वाटलं नाही. समोर तोच मजकूर ठेवून दोन नागरिक वेगवेगळ्या निष्कर्षाला येतात, तेव्हा ते निदान एकाच गोष्टीबद्दल भांडत असतात.

त्या टेबलावर बसून शिकले ते असं : ‘चौकशीला माझा पाठिंबा आहे’ या वाक्याची बेरीज होते, पण त्यावर खासदाराला करता येण्यासारखं काही नसतं. ‘या ठरावाला मत द्या, आणि दिलंत का ते मला कळवा’ हे वाक्य कामाला लागतं, कारण त्यावर उत्तर द्यावंच लागतं. सत्तेतल्या सर्वोच्च माणसाची चौकशी वकील करतात, पण ती शेवटापर्यंत जाईल की नाही आणि तिचा कागद उजेडात येईल की नाही, हे अशा नेमक्या मागण्या करणाऱ्या माणसांवर ठरतं. आपल्या माणसाला मत दिल्यानंतरही त्याच्याबद्दलचा कागद मागणारा तो सैनिक मला म्हणूनच लोकशाहीचा सर्वांत भरवशाचा राखणदार वाटतो. आपल्या पक्षाची सत्ता असताना तसाच फोन करायची तयारी आपल्यात आहे का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवं.