मुंबई–बडनेरा : रुळावरून आणि आभाळातून

मुंबईहून बडनेरा रेल्वेने सुमारे ६६५ किमी. रात्री अमरावती एक्स्प्रेसमध्ये पथारी टाकायची, सकाळी बडनेऱ्याला डोळे चोळत उतरायचं, ही वऱ्हाडाची जुनी रीत. सरळ रेषेत हे अंतर ५४० किमीच्या आसपास भरतं. बडनेऱ्याजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी ‘उडान’ योजनेत अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली. प्रवास साधारण पावणेदोन तासांचा. विमान एटीआर-७२, पंख्यांचं. १,८५० मीटरच्या धावपट्टीला तेच सोयीचं. जेटपेक्षा जरा सावकाश जातं, एवढंच. अर्थात हा वेळ फक्त विमानातला. तासभर आधी विमानतळ गाठणं आणि मुंबईतली वाहतूककोंडी यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा.