‘इन्फेक्शनच असेल’ म्हणण्यात गेलेले महिने

मूत्राशयाच्या कर्करोगाशी जोडलेली ओळखीची नावं बहुतेक पुरुषांची आहेत. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री १९७८ मध्ये या आजाराने गेले. आपल्याकडे महेश मांजरेकर यांच्यावर २०२१ मध्ये त्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्याबद्दल ते मोकळेपणाने बोललेही. त्यामुळे हा ‘पुरुषांचा आजार’ असल्याची समजूत पक्की होते. आकडेही वरवर तेच सांगतात. २०२२ मध्ये जगभरात या कर्करोगाचे सुमारे ६ लाख १४ हजार नवे रुग्ण आढळले आणि त्यातले ४ लाख ७१ हजार पुरुष होते. मात्र उरलेल्या १ लाख ४३ हजार बायका होत्या, आणि खरी गोष्ट त्यांचीच आहे.

बहुतेक कर्करोगांत बायकांचा निभाव पुरुषांपेक्षा बरा लागतो, म्हणून इथेही तसंच असेल असं अनेकांना वाटतं. मूत्राशय याला अपवाद आहे. अमेरिकेत निदानानंतर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा काही टक्क्यांनी कमी आहे. इंग्लंडमध्ये हा फरक पहिल्या वर्षातच दिसतो. म्हणजे हा आजार बायकांना क्वचित होतो, पण झाला की जास्त महागात पडतो.

असं का होतं, याचं बरंचसं उत्तर पहिल्या लक्षणापाशी सापडतं. लघवीतून रक्त जाणं, तेही बहुधा दुखल्याखुपल्याशिवाय, हे या कर्करोगाचं सर्वांत नेहमीचं लक्षण. पुरुषाला लाल लघवी झाली की तो घाबरतो आणि डॉक्टरही लगेच युरोलॉजिस्टकडे धाडतात. बाईच्या बाबतीत मात्र कारणं आधीच तयार असतात. पाळी असेल, पाळी जातानाचा त्रास असेल, ‘युरिन इन्फेक्शन’ असेल. घरात ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी नाहीतर सब्जा सुरू होतो. दवाखान्यात पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या मिळतात आणि रक्त थांबतं.

सगळा घोटाळा होतो तो इथेच. कर्करोगाच्या गाठीतून होणारा रक्तस्राव अधूनमधून होतो. तो आपला आपण थांबतो आणि काही आठवड्यांनी परत दिसतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. श्रेय गोळ्यांना जातं आणि पुढच्या वेळी त्याच गोळ्या पुन्हा आणल्या जातात. लघवीचा रिपोर्ट नीट वाचला तर बरंच कळू शकतं. लाल पेशी भरपूर आहेत, पस सेल्स दोन-चारच आहेत आणि कल्चरमध्ये जंतू वाढलेलेच नाहीत, अशा वेळी ‘इन्फेक्शन’ हा शब्द कशाच्या आधारावर वापरला, हे विचारायला हवं. पण अनेकदा कल्चर केलेलंच नसतं.

हा नुसता तर्क नाही. इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मूत्राशयाचा कर्करोग निघालेल्या पुरुषांपैकी ११ टक्क्यांना तज्ज्ञाकडे पाठवण्याआधी तीन किंवा अधिक खेपा घालाव्या लागल्या होत्या. बायकांमध्ये हे प्रमाण होतं २७ टक्के. पुढच्याच वर्षी आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात लघवीत रक्त दिसल्यापासून निदानापर्यंत पुरुषांना सरासरी ७३.६ दिवस लागले, तर बायकांना ८५.४. बारा दिवसांनी काय मोठं बिघडतं, असं कुणी म्हणेल. पण ही सरासरी झाली. त्याच अभ्यासात १७ टक्के बायकांना निदानासाठी सहा महिन्यांहून जास्त काळ थांबावं लागलं होतं. तेवढ्या काळात वरच्या थरातली गाठ स्नायूंत उतरू शकते आणि मग दुर्बिणीतून खरवडून भागत नाही, अख्खं मूत्राशय काढायची वेळ येते. बायकांमध्ये या शस्त्रक्रियेत पूर्वापार गर्भाशय, अंडाशय आणि योनीची पुढची भिंतही काढली जाई. आता निवडक रुग्णांमध्ये हे अवयव वाचवतात.

‘ती कधी सिगारेट ओढत नाही, तिला कशाला होईल?’ हाही एक भाबडा दिलासा. धूम्रपान हे या आजाराचं सर्वांत मोठं कारण आहे, यात शंका नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत स्त्रिया आणि पुरुष दोघांमध्येही सुमारे निम्म्या रुग्णांचा आजार धूम्रपानाशी जोडता आला. पण मग उरलेल्या निम्म्यांचं काय? रंगाच्या कारखान्यातल्या रसायनांमुळे कामगारांना हा कर्करोग होतो, हे जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच दाखवलं होतं.

सगळा दोष उशिराच्या माथी मारणंही बरोबर नाही. हॉर्मोन्स, प्रतिकारशक्ती, गाठीचा प्रकार यांचाही यात वाटा आहे आणि त्यावर संशोधन चालू आहे. नॉर्वेतल्या एका अभ्यासात एक वेगळीच गोष्ट दिसली. निदानानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत बायकांचे मृत्यू जास्त होतात, पण हा टप्पा ओलांडणाऱ्या बायका पुढे पुरुषांपेक्षा सरस ठरतात. बाईचं शरीरच या आजारापुढे दुबळं असतं, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पहिल्याच दोन वर्षांत एवढा फटका बसतो, यावरून आजार हाती लागला तेव्हा तो बराच पुढे गेलेला असणार, अशीच शंका बळावते.

ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांचा नियम सोपा आहे. वय ४५ किंवा जास्त असेल आणि इन्फेक्शन नसताना लघवीत रक्त दिसलं, किंवा इन्फेक्शनचा उपचार पूर्ण होऊनही रक्त परत आलं, तर कर्करोगाच्या शंकेने तातडीने तज्ज्ञाकडे पाठवायचं. त्यात बाई-पुरुष असा भेद नाही. आपल्याकडेही हाच नियम पाळायला काही अडचण नसावी. नुसत्या सोनोग्राफीवर विसंबू नये, कारण छोटी किंवा सपाट गाठ तिच्यात निसटू शकते. मूत्राशयात दुर्बीण घालून पाहणं हीच खरी तपासणी, आणि ती बहुधा जागा बधिर करून काही मिनिटांत होते. पाळी गेलेल्या आईला, मावशीला किंवा सासूबाईंना लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, तरी कल्चरचा रिपोर्ट मागून घ्या, आणि त्यात इन्फेक्शन नसेल किंवा रक्त दुसऱ्यांदा दिसलं तर गोळ्यांची तीच चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात न जाता थेट युरोलॉजिस्टकडे जा.