पंधराशे तास, पण कसले?

"नोकरी कुठलीही धर, तास भरले की झालं." अमेरिकेत विमान चालवायला शिकून एअरलाइनमध्ये जाऊ पाहणाऱ्या मुलांना हा सल्ला सर्रास दिला जातो. आता तो कानावर पडला की मला राग येतो. त्यावर विसंबून मुलं दीड-दोन वर्षं राबतात, लॉगबुकात १५०० चा आकडा दिसतो आणि तरीही एटीपी (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट) परवान्याच्या परीक्षेला बसता येत नाही.

हा आकडा आला कुठून? १२ फेब्रुवारी २००९ ला न्यूयॉर्क राज्यात, बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळलं. ५० माणसं गेली. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही एटीपी परवाना, म्हणजे साधारणपणे १५०० तास, सक्तीचा झाला. त्याआधी त्याला २५० तासांचा कमर्शियल परवाना पुरत असे. पण त्या विमानाच्या कॅप्टनचे तास होते ३,३७९ आणि को-पायलटचे २,२४४. १५०० ची अट तेव्हा असती, तरी ती दोघांनीही कधीच ओलांडलेली होती. एनटीएसबी या अपघात तपास मंडळाचा अहवाल सांगतो की वेग घसरला, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा, इशारा देणारा स्टिक शेकर हादरू लागला, आणि नाक खाली करण्याऐवजी कॅप्टनने कंट्रोल मागे ओढला. हे वाचूनही कुणी "तास म्हणजे तास" म्हणत असेल तर काय बोलावं!

खुद्द नियमही सगळे तास एका मापाने मोजत नाही. १५०० मध्ये ५०० तास क्रॉस-कंट्री (लांबच्या उड्डाणांचे) हवेत, १०० रात्रीचे, ७५ इन्स्ट्रुमेंटचे (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवलेले), २५० पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक) म्हणून आणि एअरलाइनसाठी ५० बहुइंजिनी विमानावरचे. पहिली नोकरी निवडताना हे रकाने समोर ठेवा.

स्कायडायव्हिंगच्या विमानावर दिवसभर वर-खाली चालतं. भरलेलं विमान घेऊन चढायचं, उड्या पडल्या की उतरायचं. टेकऑफ-लँडिंगचा हात फार चांगला बसतो. पण विमान आपल्याच धावपट्टीच्या डोक्यावर फिरत राहतं, त्यामुळे क्रॉस-कंट्रीचा रकाना रिकामाच राहतो. समुद्रकिनाऱ्यावर जाहिरातीचा कापडी फलक ओढणाऱ्याचंही बरंचसं तसंच: कमी उंची, उजेड, स्वच्छ हवा. तेलवाहिन्यांची पाहणी आणि हवाई सर्वेक्षण मात्र इथे कामी येतं, कारण एटीपीच्या हिशेबात निघालेल्या ठिकाणापासून सरळ रेषेत ५० सागरी मैलांपलीकडे गेलं की क्रॉस-कंट्री धरली जाते. दुसरीकडे उतरण्याची अट नाही. रात्रीचे आणि ढगातले तास मात्र तिथेही फारसे मिळत नाहीत.

आणि ज्या नोकरीला सगळ्यात जास्त नावं ठेवली जातात, ती प्रशिक्षकाची. "तो कुठे उडवतो, नुसता बसतो!" नियमाने प्रशिक्षक शिकवतानाचा वेळ पायलट-इन-कमांड म्हणूनच नोंदवतो. शिवाय नवशिका विद्यार्थी विमान स्टॉलकडे नेतो, तेव्हा शेजारी हात सज्ज ठेवून बसायचं, त्याला किती वेळ चुकू द्यायचं आणि कधी "माझ्याकडे दे" म्हणायचं हे ठरवायचं. कोल्गनच्या कॉकपिटमध्ये जे हवं होतं ते असं शेकडो वेळा पाहून अंगात मुरतं. रात्रीची आणि लांबची उड्डाणंही विद्यार्थ्यांबरोबर होतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: विद्यार्थी डोळ्यांवर झापड लावून इन्स्ट्रुमेंटचा सराव करतो, तेव्हा ते तास त्याचे. प्रशिक्षकाला ते मिळतात खऱ्या ढगात शिकवलं तरच. म्हणून मी तरी सांगेन, सुरुवात शिकवण्याने करा, दर तीन महिन्यांनी बेरजेकडे न बघता एकेक रकाना तपासा आणि मग सर्वेक्षणाकडे वळायचं का ते ठरवा.

बाकीचे गैरसमज झटपट. "परवाना मिळाला की छोटं मालवाहू विमान एकट्याने नेता येतं." नाही. ढगांबाहेर, नजरेने उडवायचं तरी कॅप्टनला ५०० तास लागतात, इन्स्ट्रुमेंटवर उडवायचं तर १२००. "१५०० तास सर्वांनाच." सैन्यातल्या वैमानिकाला ७५० आणि मान्यताप्राप्त विद्यापीठातून विमानचालनाची पदवी घेणाऱ्याला १००० तासांवर मर्यादित एटीपी मिळू शकतो. "भारतातही को-पायलटला १५०० हवेत." भारताचं विमान वाहतूक नियामक डीजीसीए २०० तासांवर कमर्शियल परवाना देतं, आणि जे विमान उडवायचं त्याचं टाइप रेटिंग, म्हणजे ते चालवण्याची वेगळी पात्रता, असेल तर को-पायलट होता येतं. १५०० ची अट इथे एटीपीएल या एअरलाइन परवान्याला आहे, आणि तो कॅप्टन होताना लागतो.

शेवटचा गैरसमज सर्वांत महाग पडतो: "अमेरिकेतच शिकू आणि तिकडेच शिकवून तास जमवू." एम-१ या विद्यार्थी व्हिसावर शिक्षण संपल्यानंतर कामाची मुभा फार तर सहा महिन्यांची असते. तेवढ्यात १५०० भरत नाहीत. मुलासाठी कर्ज काढणाऱ्या आईवडिलांनी हे फी भरण्याआधी विचारावं.