धोरणनिर्मितीतील तज्ज्ञांचे स्थान : पश्चिम घाट अहवालांच्या संदर्भात

लोकशाहीत तज्ज्ञ सल्ला देतो. निर्णय शासन घेते. केंद्र शासनाने २०१० मध्ये डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ समिती नेमली व रत्नागिरी-सिंधुदुर्ग जिल्ह्यांचा अभ्यासही तिच्याकडे सोपविला. ऑगस्ट २०११ मध्ये सादर झालेला अहवाल मे २०१२ पर्यंत जनतेसमोर आला नाही. समितीने संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर सुचविले आणि ग्रामसभांना निर्णयप्रक्रियेत स्थान दिले. पुढे डॉ. कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये सुमारे ३७ टक्के क्षेत्रच संवेदनशील ठरविले. तज्ज्ञांचे निष्कर्ष भिन्न असतात, तेव्हा अंतिम निवड राजकीयच असते. ती शासनाने अवश्य करावी. परंतु ज्यांच्या जमिनीविषयी ती आहे, त्यांच्या हाती अहवाल वेळेवर आणि मराठीतून पडला पाहिजे. अन्यथा तज्ज्ञांचे नाव शासनाच्या ढालीपुरतेच उरते.